पानावरचा चेहरा : मासिकासाठी डिजिटल व्यक्तिचित्र कसे घडते

नियतकालिकात छापले जाणारे व्यक्तिचित्र एकटे कधीच नसते. त्याच्या डोक्यावर मथळा असतो, बाजूला मजकुराचे स्तंभ असतात आणि दोन पानांच्या मधोमध बांधणीची घडी असते. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’सारखे अंक ज्या घरांत येत असत, तेथील वाचकांना चित्र आणि मजकूर यांचा हा शेजार चांगलाच परिचयाचा आहे. कुंचल्याची जागा आता डिजिटल पेनने घेतली असली, तरी छापील अंकातील चित्र अखेर कागदावर शाईनेच उमटायचे असते. या कामातील बऱ्याचशा चुका नेमके हेच विसरल्यामुळे होतात.

आधी पान, मग चेहरा

चित्रकाराला संपादकीय विभागाकडून सर्वप्रथम हवा असतो तो पानाचा आराखडा. ए-४ आकाराचे पान २१० बाय २९७ मिलिमीटर असते. रंग कागदाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर कटाईसाठी चारही बाजूंना प्रत्येकी ३ मिलिमीटर जादा सोडावे लागतात. छापखान्यात यालाच ‘ब्लीड’ म्हणतात. दर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने हे चित्र साधारण २५५१ बाय ३५७९ पिक्सेलचे होते. लहान चित्र काढून ते मागाहून ताणले, तर पापण्या आणि केसांच्या कडा धूसर होतात. चित्र दोन पानांवर पसरणार असेल, तर डोळा किंवा ओठ घडीत जाणार नाहीत, हेही कच्च्या रेखाटनातच पाहून घ्यावे लागते.

नजर कोणीकडे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. डाव्या पानावरचा चेहरा पानाबाहेर पाहत असेल, तर वाचकाची नजरही मजकुरापासून दूर जाते. म्हणून चेहरा लेखाकडे वळलेला ठेवण्याचा प्रघात आहे. ऐनवेळी जाहिरात आली आणि पान डावीकडून उजवीकडे गेले, की मांडणीकार एका कळीसरशी चित्र उलटवून टाकतो! मग भांगाची बाजू बदलते, गालावरचा तीळ पलीकडे जातो, डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे दिसते आणि डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर येतो. चेहऱ्याच्या दोन बाजू सहसा सारख्या नसतात. त्यामुळे घरच्या माणसांना असे चित्र ‘कुठेतरी चुकलेले’ वाटते. अशा वेळी चित्र उलटवण्यापेक्षा फेरमांडणी करणे बरे.

साधर्म्य कशात असते?

नवशिके चित्रकार पापण्यांपासून सुरुवात करतात. वस्तुतः ओळख पटते ती डोळ्यांमधील अंतर, नाकाची लांबी, कपाळ आणि हनुवटी यांचे प्रमाण यांवरून. म्हणून अनुभवी चित्रकार प्रथम करड्या रंगाच्या दोन-तीन छटांत लहानसे रेखाटन करतात. तेवढ्यावर माणूस ओळखू आला, तरच पुढे जायचे. संदर्भासाठी एकच छायाचित्र पुरेसे नसते, कारण मोबाइलने जवळून टिपलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. पार्श्वभूमी, कपडे, चेहरा आणि केस निरनिराळ्या लेयरवर ठेवले, तर मथळ्यासाठी जागा करताना चेहऱ्याला हात लावावा लागत नाही.

त्वचेचा रंग आणि ‘टाइम’चे मुखपृष्ठ

पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, तर छपाई निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाईंनी होते. सावळ्या त्वचेची खरी कसोटी येथे लागते. पडद्यावर तेजस्वी वाटणारा गव्हाळ रंग कागदावर मातकट होतो आणि सावलीतला काळा जरा वाढला, की चेहऱ्यातील बारकावे बुजतात. गुळगुळीत कागदावर चारही शाईंची बेरीज ३०० टक्क्यांच्या आसपास आणि वृत्तपत्राच्या कागदावर सुमारे २४० टक्क्यांपर्यंत ठेवली जाते, ती याच कारणाने.

हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ओ. जे. सिम्पसन यांच्या पोलिसांनी काढलेल्या छायाचित्रावरून मॅट माहुरिन यांनी संगणकावर तयार केलेले चित्र मुखपृष्ठावर छापले. त्यात चेहरा मुळापेक्षा काळा झाला होता. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तेच छायाचित्र फेरफार न करता छापले आणि विक्रेत्यांकडे दोन्ही चेहरे शेजारी-शेजारी आले. कृष्णवर्णीय आरोपीला अधिक भयावह दाखवल्याची टीका झाली आणि ‘टाइम’च्या संपादकांना पुढील अंकात खुलासा करावा लागला.

छायाचित्र कोणाचे?

संदर्भाचे छायाचित्र इंटरनेटवर सापडले म्हणजे ते फुकट झाले, असा समज अजूनही आहे. त्यासाठी अमेरिकेतील एक खटला माहीत असावा. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्स यांचे छायाचित्र टिपले. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ने ४०० डॉलर देऊन एकदाच वापरण्याच्या अटीवर ते घेतले आणि अँडी वॉरहोल यांच्याकडून त्यावर चित्र करून घेतले. वॉरहोल यांनी मात्र त्यावरून एकूण १६ चित्रे केली. २०१६ मध्ये प्रिन्स यांच्या निधनानंतर त्यांपैकी एक मासिकाच्या विशेषांकावर छापले गेले. वॉरहोल प्रतिष्ठानला १० हजार डॉलर मिळाले, गोल्डस्मिथ यांना काहीच नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने कौल दिला. प्रिन्सवरील लेखासोबत छापण्याचे व्यक्तिचित्र हाच दोन्हींचा हेतू होता, हा त्यातील कळीचा मुद्दा. शैली बदलली म्हणून परवानगीची गरज आपोआप संपत नाही, हे यातून दिसते.

भारतातही छायाचित्रावर स्वामित्व हक्क लागू होतो. त्यामुळे लेखी परवानगी घेणे किंवा त्या व्यक्तीला समोर बसवून स्वतःच छायाचित्रे काढणे, हे दोन मार्ग सुरक्षित. काम सोपवताना लेयर कायम ठेवलेली फाइल आणि छपाईच्या रंगांतील पक्की प्रत अशा दोन्ही द्याव्यात. त्यासोबत त्याच कागदावरचे प्रूफ मागून घ्यावे आणि ते दिवसाच्या उजेडात पाहावे.