गुप्त दूरध्वनी ते कृत्रिम कान: श्रवणाच्या नकलेचा इतिहास

१/
१९४३. युद्धग्रस्त लंडन. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सेल्फ्रिजेस या भव्य दुकानाच्या तळघरात ५० टनांहून अधिक वजनाची एक यंत्रणा उभी राहिली. नाव 'सिगसॅली'. लंडन आणि वॉशिंग्टनमधील संभाषण शत्रूच्या कानी पडू न देणे, हे तिचे काम. तिच्या गाभ्यातील कल्पना अर्ध्या शतकानंतर कर्णबधिरांच्या कामी आली.

२/
ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील अभियंते होमर डडली यांची. त्यांचा 'व्होकोडर' आवाजाचे अनेक वारंवारता-पट्टे पाडी, प्रत्येक पट्ट्यातील जोराचे केवळ चढउतार टिपी आणि पलीकडे तेवढ्यावरून बोलणे पुन्हा उभे करी. सिगसॅलीत असे १० पट्टे होते. बाकीचा बारीक तपशील टाकून दिला, तरी अर्थ पोहोचत असे.

३/
आता पॅरिस, १९५७. आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका बधिर रुग्णाच्या श्रवण-मज्जातंतूला विद्युत-उद्दीपन दिले. रुग्णाला ध्वनीची लय जाणवली. उपकरण मात्र फार काळ टिकले नाही. १९७८ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोड असलेले उपकरण रुग्णाच्या कानात बसवले.

४/
येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. निरोगी आंतरकर्णात सुमारे ३,५०० आंतर-केशपेशी मेंदूकडे ध्वनीची वार्ता धाडतात. त्यांची जागा मूठभर इलेक्ट्रोड कशी घेणार? भाषा समजण्यासाठी किमान किती पट्टे लागतात?

५/
रुग्णांवरून उत्तर काढणे कठीण होते. बधिरत्वाची वर्षे, शिल्लक मज्जातंतू, इलेक्ट्रोडची खोली यांत प्रत्येक जण निराळा. निकाल वाईट आला, तर दोष यंत्राचा की कानाचा? म्हणून संशोधकांनी उलटी वाट धरली: यंत्रातून जाणारी माहितीच ध्वनीत उतरवून ती चांगले ऐकू येणाऱ्यांना ऐकवायची. मेलबर्नच्या गटाने १९८४ मध्ये असे ध्वनि-प्रारूप प्रसिद्ध केले.

६/
१९९५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लॉस एंजेलिसच्या हाउस इअर इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट शॅनन, फॅन-गँग झेंग, विवेक कामत आदींचा शोधनिबंध आला. त्यांनी बोलण्याचे १ ते ४ पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यात मूळ स्वराऐवजी खरखर भरली. स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी. या खरखरीचा जोर तेवढा मूळ बोलण्याप्रमाणे कमीजास्त होत राहिला.

७/
निकाल थक्क करणारा होता. थोड्या सरावानंतर अवघ्या ३ पट्ट्यांवर उत्तम आकलन होऊ लागले. ४ पट्ट्यांवर साधी वाक्ये जवळजवळ पूर्ण समजू लागली. मूठभर इलेक्ट्रोडांवर बोलणे कसे समजू शकते, याचे उत्तर मिळाले: मेंदू फार थोड्या माहितीवर भाषा उभी करतो.

८/
१९९९ मध्ये लंडनच्या स्टुअर्ट रोझेन यांच्या गटाने पट्टे मुद्दाम वरच्या वारंवारतेकडे सरकवले, कारण इलेक्ट्रोड कर्णशंखाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. आरंभी वाक्यांतील जवळपास एकही शब्द कळेना. प्रत्येकी २० मिनिटांच्या ९ सत्रांनंतर सुमारे ३०% शब्द कळू लागले. शस्त्रक्रियेइतकेच मोल सरावालाही आहे, हे यातून अधोरेखित झाले.

९/
२००१ च्या अभ्यासाने मर्यादाही दाखवली. गोंगाटात बोलणे ओळखताना पट्टे वाढवले, की नकल ऐकणाऱ्यांचे आकलन २० पट्ट्यांपर्यंत सुधारत गेले. प्रत्यक्ष इम्प्लांट वापरणाऱ्यांची प्रगती सात-आठ पट्ट्यांपाशी थांबली. इलेक्ट्रोडांची संख्या वाढवली, तरी त्यांचे विद्युतप्रवाह आत एकमेकांत मिसळतात.

१०/
'बधिर माणसाला असेच ऐकू येते' असे सांगत हेच खरखरीत नमुने आज सर्रास ऐकवले जातात. पुढे मायकल डॉर्मन यांच्या गटाने, एक कान चांगला आणि दुसऱ्यात इम्प्लांट असलेल्या व्यक्तींनाच विचारले. त्यांच्या मते खरखरीची नकल इम्प्लांटच्या आवाजाशी फारशी जुळत नव्हती.

११/
भाषेला किती माहिती पुरते, हे या नकलेने दाखवून दिले. ऐकण्याचा अनुभव कसा असतो, हे मात्र तो घेणाऱ्यालाच विचारावे लागले. इतिहासाच्या साधनांचेही असेच असते: साधन कोणत्या प्रश्नासाठी घडवले गेले, हे विसरले की त्याची साक्ष चुकीची वाचली जाते.