तळटीप १२ : ताकद आधी की पकड?

लेखकाने २०१८च्या डॉज चॅलेंजर डेमनचा वेग ८४० अश्वशक्तीच्या (तीही १०० ऑक्टेनच्या इंधनावर, एरवी ८०८) खात्यावर जमा केला आहे. ते अपुरे वाटते. आधीची ७०७ अश्वशक्तीची चॅलेंजर हेलकॅट नेहमीच्या टायरांवर पाव मैल ११.२ सेकंदांत कापत असे. ड्रॅग रेसिंगचे चिकट रबराचे टायर चढवताच तीच गाडी १०.८ वर आली, इंजिनाला हातही न लावता. म्हणूनच डेमनला ३१५ मिलिमीटर रुंदीचे तसले टायर मिळाले आणि सुटताना नाक उचलून वजन मागच्या चाकांवर जावे म्हणून स्प्रिंगा मऊ केल्या गेल्या. पाव मैल ९.६५ सेकंदांत कापायला डेमनला जादा ताकद लागलीच, हा आक्षेप रास्त आहे; पण चाक जागीच फिरले तर ती सगळी धुरात जाते. अशी गाडी बांधणाऱ्याने पहिला पैसा टायरांवर घालावा.