कृष्णाआधीची मंदाकिनी

दादासाहेब फाळके यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’चा प्रारंभ गोकुळात होत नाही. कथेआधी पडद्यावर येते ती सात वर्षांची एक मुलगी. तिच्या मुद्राभिनयाचा नमुना म्हणून एकामागून एक भाव तिच्या चेहऱ्यावर उमटत जातात. कृष्णाचा वेष नंतरचा. ही फाळक्यांची कन्या मंदाकिनी. १९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्येही कृष्ण तीच झाली होती.

वर्गात मूकपटांचा विषय निघाला की, १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती पुरुषाने, अण्णा साळुंके यांनी, साकारली हे ऐकून विद्यार्थी हसतात. त्याच साळुंक्यांनी १९१७ साली ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोघांची कामे केली, हे सांगितले की हशा वाढतो. मात्र कृष्ण एक मुलगी होती याचे कोणालाच काही वाटत नाही. आम्हांलाही पूर्वी वाटले नव्हते. गोकुळाष्टमीला घरच्या लेकराच्या डोक्यावर मोरपीस खोचताना ते मुलगा की मुलगी, हे कोण पाहतो?

फाळक्यांचे घर हाच त्यांचा कारखाना होता. पत्नी सरस्वतीबाई कंपनीच्या माणसांचे जेवण रांधत आणि फिल्म धुण्याचे कामही सांभाळत. ‘हरिश्चंद्र’मधला रोहिदास म्हणजे त्यांचाच मुलगा भालचंद्र. तेव्हा मंदाकिनीच्या बाबतीत ‘कारकीर्द’ हा शब्द वापरताना आम्ही अडखळतो. आईने अंधाऱ्या खोलीत जे केले, तेच लेकीने उजेडात केले, एवढाच काय तो फरक. तिला कोणी विचारले असेल काय?

तरीही ती प्रस्तावना राहतेच. पडद्यावर देव अवतरला की हात जोडणारा तो प्रेक्षक. त्याच्यापुढे थेट कृष्ण उभा केला असता तरी चालले असते. नव्हे, धंद्याच्या दृष्टीने तेच अधिक सोयीचे होते. फाळक्यांनी आधी मुलगी दाखविली. यात बापाचे कौतुक असेल, तंत्रज्ञाची ऐटही असेल. पण पुढे डोहात नागाशी झुंजणाऱ्या बाळकृष्णाचे श्रम कोणाचे आहेत, हे त्यामुळे प्रेक्षकाला आधीच कळते. सरस्वतीबाईंच्या श्रमांना अशी प्रस्तावना लाभली नाही.

मंदाकिनीचे नाव पुढे मुख्यतः या दोन कृष्णपटांशीच जोडलेले राहिले. फाळक्यांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले, ‘हरिश्चंद्र’चेही तुकडेच उरले. ‘कालिया मर्दन’चा मात्र बराचसा भाग टिकला, आणि त्यात तो आरंभीचा चेहराही आहे.