देवाच्या फुलाला चोरी कसली?

आमच्या शाळेच्या बागेतली जास्वंद मी झाडावर उमललेली क्वचितच पाहिली. संध्याकाळी कळ्या टपोऱ्या दिसायच्या आणि सकाळी प्रार्थनेच्या घंटेपर्यंत नुसते देठ राहायचे. भाद्रपदात दूर्वांचीही तीच गत. बाग माझ्याकडे होती, म्हणून एकदा पहाटे साडेपाचला मी आणि शिपाईमामा भिंतीच्या आत दबा धरून बसलो. आधी भिंतीवर आकडी दिसली, मागोमाग एका आजोबांची कानटोपी. मामांनी बॅटरी मारली. आजोबा तसूभरही दचकले नाहीत.

"बाई, गणपतीला नेतोय. देवाच्या फुलाला कुठं चोरी म्हणतात?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पुढे वाचनात आलं, की आजोबांच्या बाजूने फार जुने साक्षीदार आहेत. गौतम धर्मसूत्र सांगतं, गाईसाठी गवत, अग्नीसाठी जळण आणि वेली-झाडांची फुलं आपलीच समजून घ्यावीत. फळं मात्र कुंपण नसलेल्या झाडांचीच. म्हणजे कुंपणाची अट फळाला, फुलाला नाही! याज्ञवल्क्य तर कुठूनही, केव्हाही घ्या म्हणतो, पण ही मुभा द्विजांना. माझ्या शेजारी बॅटरी धरून उभ्या असलेल्या मामांनी हेच फूल तोडलं असतं, तर त्यांच्या वाट्याला मनुस्मृतीचा आठवा अध्याय आला असता: फुलं, हिरवं धान्य, वेली चोरल्यास दंड पाच कृष्णल. कृष्णल म्हणजे गुंज. पाच गुंजा ग्रॅमभरही भरत नाहीत, पण दंड तो दंडच.

इंग्रजांनी देव बाजूला ठेवला आणि मातीकडे पाहिलं. 1860 च्या दंडसंहितेनुसार जमिनीला जडलेली वस्तू चोरीला जाऊच शकत नाही. ती जमिनीपासून सुटली, की त्या क्षणापासून चोरी. 2023 च्या न्याय संहितेतही हेच आहे. आकडी फांदीला लागेपर्यंत आजोबा निर्दोष, देठ तुटला की गुन्हेगार. मला हा कायदा आवडतो. निदान तो जात विचारत नाही.

फुलांचं एक वेळ समजू शकते. मनीप्लांटचं काय? ते चोरून लावलं तरच पैसा येतो, हे आमच्याकडे शहाण्यासुरत्या बायकाही सांगतात. पोथीत याला आधार असणं शक्य नाही, कारण ही वेल मूळची ताहितीजवळच्या मोरिया बेटावरची आणि शास्त्रीय नोंद झाली ती 1880 मध्ये. गंमत अशी, की ती सहसा फुलतच नाही. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसं बनत नाही, हे 2016 मध्ये उलगडलं. फूल नाही म्हणून बी नाही. कुणीतरी कांडी खुडल्याशिवाय ती घरोघरी पोचूच शकत नाही.

आमच्या कार्यालयाच्या दारातली वेल दर पालकसभेला बोडकी व्हायची. शेवटी मामांनी कांड्या बाटल्यांत लावून व्हरांड्यात मांडल्या आणि वर पाटी लावली: 'हव्या त्यांनी न्याव्यात.' आठ बाटल्या होत्या. सभा संपली, एकीलाही कुणी हात लावला नव्हता. पुढच्या खेपेला मामांनी पाटी काढली आणि बाटल्या आत खिडकीत, पडद्याआड सरकवल्या. संध्याकाळी मी मोजल्या, तर दोन उरल्या होत्या.