पिलेगच्या साली दारात कोण आलं

आज आपल्याला सव्वाशे वर्षं मागं जायचंय, पण निघूया आपल्याच गावातून.

एप्रिल २०२१. झेडपीच्या शाळेत लसीचा कॅम्प होता. सिस्टर आल्या होत्या, आशाताई होत्या, आणि आम्ही बचत गटाच्या सहयोगिनी ४५ वर्षांवरच्या माणसांची यादी घेऊन सकाळपासून दारोदार फिरत होतो. दुपारपर्यंत टेबलापुढं अकरा माणसं आली. त्यातले निम्मे तर शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे.

एका घरी नुकतीच कारखान्यावरून परतलेली मावशी भांडी घासत बसली होती. आम्ही पाठ केलेलं सगळं बोलून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाली, "ताई, एकदा डॉक्टरचं ऐकलं अन् पिशवी काढून आले. तवा बी असंच म्हणले होते, काही होत नाही म्हणून."

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. शाळेत परत आलो तर कुणीतरी म्हणालं, "अडाणी बायका, यांना काय सांगणार." तो शब्द आम्हाला लागला. मावशीला सगळं नीट आठवत होतं, म्हणूनच ती नको म्हणत होती. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये सरकारनं पाहणी केली. ८२,३०९ जणींना विचारलं, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागं एक, आणि त्यातल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. ज्या गल्लीत हे घडलंय त्या गल्लीत आम्ही "डॉक्टरवर विश्वास ठेवा" म्हणत फिरत होतो.

तेव्हापासून आमच्या डोक्यात एक प्रश्न बसला. साथीच्या दिवसांत लोक सरकारचं, डॉक्टरचं, पेपरवाल्यांचं कधी ऐकतात आणि कधी ऐकत नाहीत? आमच्यातल्या दोघींनी बी.ए.ला इतिहास घेतलेला. त्यात पुण्याचा प्लेग होता, पण 'रँडचा वध' एवढ्या एका प्रश्नापुरता. पुन्हा पुस्तकं काढली तेव्हा दिसलं, की त्या गोष्टीच्या मधोमध बायका आहेत. परीक्षेला तेवढ्याच आल्या नव्हत्या.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस नावाच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं, की हा ताप साधा नाही, प्लेग आहे. काखेत, जांघेत गाठ यायची, अंग फणफणायचं आणि थोड्या दिवसांत माणूस जायचा. लोक मुंबई सोडून पळाले आणि साथ पुण्यात पोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारनं साथरोग कायदा केला. कायदा एवढासा, चारच कलमांचा. पण त्यात सरकारला काय वाटेल ते करायची मोकळीक होती, आणि चांगल्या हेतूनं काम करणाऱ्या अंमलदारावर खटला भरता येणार नाही हेही लिहिलेलं होतं. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात कोरोनासाठी हाच कायदा लागू झाला, हे ऐकून आम्हीही चकित झालो.

पुण्यात प्लेगचं काम रँड नावाच्या साहेबाकडं आलं. त्यानं घरं तपासायला गोरे सोजीर लावले. सोजीर दारात यायचे, थेट घरात शिरायचे, माजघरात, देवघरात, चुलीपर्यंत. गाठ आहे का बघायला माणसांना बाहेर काढायचे, बायकांनासुद्धा. आजारी माणूस सापडला की त्याला इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचे. सामान जाळायचे, जमीन खणायचे, भिंतींना चुना मारायचे. आता विचार करा, तुमच्या घरात न बोलता येणारा बंदूकवाला शिरलाय, तुमच्या काखेत गाठ बघायचीय म्हणतोय. आजारी माणसाला तुम्ही पुढं कराल की पोत्यांमागं लपवाल?

लोकांनी लपवलं. लपवल्यामुळं साथ वाढली. साथ वाढली म्हणून सोजीर आणखी कडक झाले.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढं आहे. रोग पसरतो कसा, हे तेव्हा त्या साहेबांनाही कळलेलं नव्हतं. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसात येतो कुठून? १८९८ मध्ये कराचीत सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं प्रयोग करून सांगितलं, की उंदरावरच्या पिसवा तो आणतात. मोठ्या डॉक्टरांनी आधी ते उडवून लावलं आणि मान्य व्हायला आणखी सात-आठ वर्षं गेली. इकडं सोजीर जमिनी खणत होते आणि उंदीर पळून शेजारच्या घरात जात होते. खेड्यातल्या माणसांना मात्र एवढं माहीत झालं होतं, की घरात उंदीर मरून पडायला लागले की घर सोडायचं आणि रानात झोपड्या टाकायच्या. म्हाताऱ्या माणसांकडून 'पिलेगात गाव रानात गेलं होतं' हे आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलंय. आपला बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं रँडचे सोजीर इकडं नव्हते. उंदरांना मात्र सरहद्द नसते.

ज्याला पुरतं माहीत नाही त्यानं पुरतं माहीत असल्यासारखं दरडावलं, की काय होतं? अफवा पिकतात. इस्पितळात माणसं मारून त्यांच्या अंगातलं तेल काढतात, त्याची 'मोमियाई' नावाची औषधी करतात, अशी बोलवा मुंबईत उठली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आपण हसू नये. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या भर काळात, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं पोरं चोरणारे, किडन्या काढणारे फिरतायत या अफवेपायी जमावानं तीन माणसं जिवानिशी मारली.

आता पेपरवाल्यांचं. टिळकांच्या 'केसरी'नं सोजिरांच्या जुलमावर टीका केली. टिळक पुण्यातच थांबले होते आणि त्यांनी हिंदूंसाठी वेगळं इस्पितळही उघडलं होतं. पंडिता रमाबाईंच्या आश्रमातली एक मुलगी प्लेगच्या बंदोबस्तात नेली गेली होती. रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पेपरात पत्र लिहून तिथं बायकांचे काय हाल होतात ते जाहीर सांगितलं. एका बाईनं सरकारविरुद्ध नाव घालून लिहायचं, तेही १८९७ मध्ये! सरकारनं सगळं नाकारलं. त्याच वेळी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी तिथल्या पेपराला सांगितलं, की सोजिरांनी बायकांवर अत्याचार केले. परत आल्यावर सरकारनं पुरावा मागितला. एकही माणूस साक्षीला उभा राहिला नाही आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली.

यावर आमच्या बैठकीत फार वेळ बोलणं झालं. साक्ष कोण देणार होतं? ज्या घरातल्या बाईवर हात पडला, ते घर तिचं नाव सरकारदरबारी सांगणार होतं? पुरावा मिळाला नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं निदान आपण बायका तरी म्हणू शकत नाही.

२२ जून १८९७ ला, व्हिक्टोरिया राणीच्या समारंभाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट नावाचा दुसरा अधिकारीही मेला. चापेकर फासावर गेले. 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली. परीक्षेतलं उत्तर इथं संपतं.

पण त्याच १८९७ मध्ये, त्याच पुण्याजवळ, एके ठिकाणी आजारी माणसांसाठी वेगळंच काम चाललं होतं. हडपसरला ससाण्यांच्या माळावर सावित्रीबाई फुल्यांनी आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या गायकवाडांचा मुलगा गाठीनं आजारी पडला हे कळल्यावर सावित्रीबाई तिथं गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. वय ६६. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दवाखाना वेगळा, गावाबाहेरच होता, म्हणजे रँडसाहेब म्हणत होता तेच, आजारी माणूस बाजूला ठेवा. पण न्यायला आलेली बाई शाळा चालवलेली, दुष्काळात पोरांना जेवू घालणारी होती. तिची पत लोकांकडं आधीच जमा होती. गटात आपण म्हणतो ना, पत एका महिन्यात तयार होत नाही.

लशीचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. वाल्डेमार हाफकिन हे मूळचे रशियन साम्राज्यातले ज्यू शास्त्रज्ञ. त्यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. लोक घाबरत होते. लशीनं माणूस तिथंच मरतो, पुरुषाचं पुरुषपण जातं, बाई वांझ होते, असं बोललं जायचं. (२०२१ मध्ये आमच्या व्हॉट्सॲपवर हेच शब्द आले होते. सव्वाशे वर्षांत अफवेनं कपडेसुद्धा बदलले नाहीत.) तेव्हा खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, आणि मग त्यांची माणसं पुढं आली. पण १९०२ मध्ये पंजाबात मलकोवाल गावी एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले आणि १९ माणसं मेली. हाफकिनना कामावरून काढलं गेलं. दोष त्यांचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. एका बाटलीची किंमत अशी असते. आज परळला जी हाफकिन संस्था आहे ती त्यांच्याच नावाची.

मग कोरोनात आपल्याकडं काय झालं? सोजीर आले नाहीत, आशाताई आल्या. तोंडाला ओढणी बांधून, ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत घरोघर. लोकांनी त्यांना दार उघडलं, कारण बाळंतपणाला रात्री धावलेली बाई तीच होती. आणि त्याच आशांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला.

बाकी सगळीकडून विश्वासाला भोकंच पडत होती. एप्रिल २०२० मध्ये घरोघर पेपर टाकायलाच राज्यात बंदी आली. नंतर ती सैल झाली, पण तोवर पेपरची जागा मोबाईलनं घेतली होती. लशीच्या दोन डोसांत सहा ते आठ आठवडे, असं आम्ही एप्रिलमध्ये सांगितलं आणि मेमध्ये ते बारा ते सोळा झालं. बायका म्हणाल्या, "ताई, तवा खरं बोलत होता का आता?" नवी माहिती आली की शास्त्र बदलतं, हे आम्ही आधीच सांगून ठेवलं असतं तर एवढं वाईट झालं नसतं. आम्हीसुद्धा पक्कं माहीत असल्यासारखंच बोललो होतो. आणि त्याच एप्रिलच्या शेवटी आपल्या अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह कोंबून स्मशानात नेले गेले. त्या फोटोनंतर 'परिस्थिती आटोक्यात आहे' हे वाक्य कुणापुढं बोलायची आमची छाती झाली नाही. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला, निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन नाही, पेट्रोल नाही. त्यानं रांगा लागल्याही असतील. पण रेशनच्या धाकानं घेतलेल्या सुईवर माणूस विश्वास ठेवतो का?

आमच्या मावशीनं लस घेतली ती ऑक्टोबरात, दसऱ्याच्या तोंडावर, तोडीला निघायच्या आधी. त्याआधी सिस्टर आमच्या गटाच्या बैठकीला येऊन सतरंजीवर बसल्या. पहिल्यांदा त्यांनी पिशव्यांबद्दल विचारलं, लशीबद्दल नाही. तासभर बायकाच बोलल्या. मग सिस्टरनी सांगितलं, ताप येईल, दंड दुखेल, दोन दिवस कोयता उचलवणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी पुन्हा येईन. त्या खरंच आल्या.

लस घेऊन बाहेर पडताना मावशी आम्हाला म्हणाली, "हे तर घेतलं ताई. पण माझ्या पिशवीचे कागद त्या डॉक्टरपाशीच हायती. कशापायी काढली, ते त्यात लिव्हलेलं असंल ना?"

ते कागद आम्ही तेव्हाच मागायला हवे होते. राहून गेलं. येत्या बुधवारी आम्ही तिघी तिच्यासोबत जाणार आहोत.