हजेरीपटाबाहेरचा कारागीर : हुपरीची चांदी आणि तक्रार करण्याचा हक्क

१/ कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात हुपरी हे चांदीचे गाव आहे. येथील पैंजण आणि जोडवी देशभर जातात; पण ती एका छपराखाली घडत नाहीत. सराफाची चांदी धडी उत्पादकाकडे येते, त्याच्याकडून कारागिरांच्या घरोघरी जाते आणि दागिना होऊन त्याच वाटेने परतते. आजचा धागा या घरात बसून काम करणाऱ्या कामगाराविषयी. तो अन्यायाविरुद्ध बोलला, तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो का?

२/ या धंद्यात चांदी वजनावर दिली जाते आणि वजनावरच परत घेतली जाते. घट किती धरायची, मजुरीचा दर काय, डाख लावताना आणि उजळताना होणाऱ्या धुराचा व आम्लाचा त्रास कोणी निवारायचा, असे वाद अशा कामात संभवतात. समजा, एखाद्याने त्याबद्दल कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. त्याला कामावरून काढण्याची गरजच उरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चांदी आली नाही, की काम संपले.

३/ कायद्याला हे दिसत नाही, कारण आपला कामगार कायदा गिरणीत जन्मला. १८८१ चा पहिला कारखाना कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांच्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. १८९० मध्ये गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

४/ त्या सह्यांचा आणखी एक अर्थ ध्यानात घ्यावा. साडेपाच हजारांत एकट्याचे नाव उठून दिसत नाही आणि साडेपाच हजारांना एका दिवसात घरी बसवता येत नाही. तक्रारदाराला कायद्याचे कवच नव्हते, त्या काळी संख्या हेच कवच होते. घरोघरी विखुरलेल्या कारागिराला नेमके तेच लाभत नाही.

५/ मग नगावर मजुरी घेणारा माणूस कामगार ठरतो की नाही? हा प्रश्न महाराष्ट्रातील विडी धंद्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात कारखान्यात येऊन विड्या वळणारे कामगार ठरले. त्यांची हजेरी लागत असे. थोड्याच काळाने, १९६१ मध्ये, शंकर बालाजी वाजे खटल्यात मात्र विडी वळणारा कामगार नव्हे, असा बहुमताचा निर्णय झाला. त्याच्यावर ठरावीक वेळी येण्याचे बंधन नव्हते, हे त्यामागचे एक कारण. न्या. सुब्बा राव यांचे मत विरोधी होते.

६/ हा गुंता संसदेने १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने सोडवला. मालकाने किंवा कंत्राटदाराने कच्चा माल दिला आणि कामगाराने घरी विड्या वळल्या, तरी तो कामगारच. सहा महिने काम केलेल्याला वाजवी कारणाविना दूर करता येणार नाही, असेही कलम आले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. तंबाखूऐवजी चांदी मात्र त्याच्या कक्षेत नव्हती.

७/ महाराष्ट्राने १९७१ मध्ये स्वतःचा कायदा केला : कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध. अंमल १९७५ पासून. त्याच्या चौथ्या अनुसूचीनुसार औद्योगिक विवादाच्या चौकशीत मालकाविरुद्ध तक्रार केली किंवा साक्ष दिली म्हणून कामगाराला काढणे वा त्याच्याशी भेदभाव करणे ही अनुचित प्रथा आहे. आजच्या भाषेत हे जागल्याचे संरक्षणच.

८/ पण दाराला उंबरठा आहे. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१ च्या दोन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मालक-कामगार हे नातेच वादग्रस्त असेल, तर या कायद्याखालील तक्रार चालणार नाही; नाते आधी योग्य न्यायपीठापुढे सिद्ध व्हावे. ज्याच्याजवळ नेमणूकपत्र नाही, हजेरीपट नाही, त्याला आधी आपण कामगार आहोत हेच सिद्ध करावे लागते. छळाची दाद त्यानंतर.

९/ ‘जागल्यांचा कायदा तर आहे ना?’ असे कोणी विचारील. महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार उघड करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची २००३ मध्ये हत्या झाली. त्यानंतरच्या दीर्घ मागणीतून २०१४ चा कायदा संमत झाला. तो लोकसेवकांच्या गैरवर्तनाबद्दल आहे, खासगी मालकाबद्दल नाही. आणि तोही अद्याप अमलात आलेला नाही.

१०/ २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत तक्रारीचा सूड घेणे अनुचित प्रथाच आहे. घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या मात्र सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. एका संहितेत संरक्षण, दुसरीत ओळख. या दोहोंची गाठ घालणारे १९६६ सारखे कलम चांदीच्या कारागिराला हवे आहे.

११/ तोवर हाताशी काय आहे? वही. कोणत्या तारखेला किती चांदी आली, किती परत गेली, घट किती धरली, मजुरी किती ठरली; ही नोंद दोन्ही बाजूंच्या सहीनिशी राहिली, तर नाते सिद्ध करण्याचा पहिला पुरावा कारागिराच्या घरातच असेल. चांदीचा तोळान्‌तोळा ज्या धंद्यात तोलला जातो, तिथे माणसाच्या श्रमाचीही नोंद राहावी, ही मागणी फार मोठी नाही.