नेता पकडला गेला, पण गाव कसे पकडणार?

#थ्रेड

१) २१ ऑक्टोबर १८५८. चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. मोलमपल्लीचा हा तरुण गोंड जमीनदार त्या वर्षी इंग्रजांविरुद्ध शस्त्र घेऊन उभा राहिला होता. त्याचे वय अवघे पंचवीस.

२) अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांचे सहकारी. बाबूरावांच्या फाशीनंतर ते बस्तरकडे निघून गेले आणि उठाव ओसरला. इंग्रजांचा हिशेब सरळ होता : म्होरक्या हाती लागला की लढा संपतो.

३) नेता म्हणजे पुढे उभा राहणारा एकटा वीर, ही प्रतिमा आजही आपल्या मनात पक्की आहे. मात्र ती सर्वत्र सारखी नाही. रॉबर्ट हाउस यांच्या पुढाकाराने ६२ समाजांचा ‘ग्लोब’ हा अभ्यास झाला. सचोटी जवळपास सर्वांनाच हवी होती. स्वतंत्र, एकांड्या बाण्याचा नेता मात्र काही समाजांना भावला, तर काहींना खटकला.

४) याच भूमीत, सव्वाशे वर्षांनंतर, नेतृत्वाचे दुसरे रूप आकाराला आले. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध आदिवासी एकवटले. त्या आंदोलनातून जागे झालेल्या गावांपैकी एक म्हणजे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा). साधारण शंभर घरांचे हे गोंड गाव.

५) मेंढ्याची घोषणा महाराष्ट्रभर गाजली : “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.” या घोषणेत ‘मी’ कोठेच नाही.

६) निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने, हा येथील नियम. बहुमताने प्रश्न मिटवायचा नाही. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू ठेवायची. एकत्र बसून बोलण्याची रीत जुनीच होती. स्त्रियांनाही निर्णयात स्थान देऊन गावाने ती रुंद केली. संस्कृती वारशाने मिळते, पण ती घडवावीही लागते.

७) मग देवाजी तोफा कोण? गावाचा सर्वांत परिचित चेहरा, परंतु हुकूम सोडणारे प्रमुख नव्हेत. ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने येथे अभ्यासगट रुजला. कायदे, जंगल, योजना यांवर अभ्यासगटात खल करायचा. निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यायचा. जाणणाऱ्याच्या हाती सत्ता एकवटू नये, याची ही तजवीज.

८) या रीतीची कसोटी बांबूवर लागली. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला; देशातील अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. या कायद्यानुसार बांबू हे गौण वनोपज, म्हणजे ग्रामसभेच्या मालकीचे. तरीही वनविभाग वाहतूक परवाना देईना.

९) गाव मागे हटले नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. अधिकार कोणा एका पुढाऱ्याला नव्हे, सभेला मिळाला.

१०) ही रीत वेगवान नाही. एकाच्या नकाराने काम अडते आणि बैठकांमागून बैठका होतात. पण ठरले की ते टिकते, कारण पराभूत होऊन घरी परतलेला पक्षच उरत नाही. २०१३ मध्ये खासगी शेतजमिनीही ग्रामसभेकडे सोपवून ग्रामदान करण्याचे गावाने ठरवले. असा निर्णय एखाद्या वीराच्या आज्ञेने होत नाही.

११) म्हणून बाबूराव लहान ठरत नाहीत. सशस्त्र साम्राज्यापुढे उभे राहायला त्यांच्यासारखे धैर्यच लागते. पण फाशीचा दोर एका मानेभोवती पडतो. ज्या गावात प्रत्येक जण निर्णयाचा धनी असतो, तेथे म्होरक्या म्हणून पकडायचे कोणाला?

#गडचिरोली #इतिहास